आईंचा रेटिना

रेटिनॉल या विषयात विठ्ठलवाडीपासून पार ठाण्याच्या कोपरीपर्यंत माझा हात धरणारं कुणी नाही, हे आधीच सांगून टाकते. गर्व म्हणा हवं तर! डोंबिवलीत मलमं बनवणाऱ्या कंपनीत मी इतकी वर्षं काढली की खरूज, नायटा आणि टाचांच्या भेगा ही मला घरचीच माणसं वाटायला लागलेली. पण मनात एकच होतं. स्वतःची फेस क्रीम काढायची. साधीसुधी नाही, रेटिनॉलची!

रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप. सुरकुत्या कमी करतं, डाग फिके करतं, आळशी त्वचेला कामाला लावतं. गुण मोठे, पण स्वभाव मांडवात रुसलेल्या जावयासारखा! उजेड लागला, रुसलं. हवा लागली, रुसलं. गरम झालं, रुसलं. आणि रुसलं की आधी पिवळं पडतं, मग तपकिरी, मग सरळ कचऱ्यात. त्याची भावंडंही आहेत. पाल्मिटेट हा गरीब धाकटा, कुणाला त्रास देत नाही आणि कामही धड करत नाही. रेटिनाल हा तापट थोरला, काम झटपट करतो पण चेहऱ्याचा टोमॅटो करून ठेवतो. मी खूप विचार करून मधला निवडलेला. अगदी थोडं रेटिनॉल, तेही बारीक कवचांत बंद केलेलं, म्हणजे त्वचेत हळूहळू उतरेल आणि जळजळ होणार नाही. कागदावर तर सगळं इतकं सुंदर होतं की मीच माझ्या प्रेमात पडलेले.

गिऱ्हाईकही मिळालेलं. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या अक्षदा सरनोबत. त्यांचा ऑनलाइन ब्रँड आहे. त्यांना क्रीम पिवळी नको होती, वास नको होता, जळजळ नको होती आणि गुण मात्र लगेच यायला हवा होता. थोडक्यात, त्यांना जावई हवा होता पण मानपान नको होता! रविवारी दुपारी त्या नमुना बघायला घरी येणार होत्या. पसंत पडला तर ऑर्डर पक्की. मग माल परवानावाल्या कारखान्यात बनवून घ्यायचा आणि स्वतःची छोटीशी लॅब थाटायची, असा बेत. नोकरी तर मी आधीच सोडलेली.

"आणि पसंत नाही पडला तर?" आमच्या ह्यांनी, म्हणजे महेंद्रनं, चहाचा घोट घेत विचारलं.

"पडणार!"

"नाही, समजा..."

"तर परत नायटा," मी म्हटलं आणि विषय बंद केला.

आमचं घर कल्याण पूर्वेला, सी विंगमध्ये, पश्चिमेकडे तोंड करून. दुपारी स्वयंपाकघरात असं ऊन येतं की पापड तळायची गरज नाही, ओट्यावर ठेवला की फुलेल. म्हणून मी सोमवारी सगळ्या खिडक्यांना काळा कागद चिकटवला आणि एक मिणमिणता पिवळा बल्ब लावला. रेटिनॉलला पिवळा उजेड त्यातल्या त्यात सोसतो.

"घराचं भुयार केलंस," महेंद्र म्हणाला आणि ऑफिसला पळाला.

सासूबाई, म्हणजे आमच्या मंजुळाआई, दारातून अंधारात डोकावल्या. "मेघना, ही क्रीम आहे की दरोडा?"

"आई, एकच सांगते. काही झालं तरी उजेड आत येऊ द्यायचा नाही. उजेड अजिबात चालत नाही. सगळं खराब होतं."

"बरं बाई," आई म्हणाल्या आणि पिवळ्या बल्बखाली बसून कांदा चिरायला लागल्या.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी महिपत गायकर काका! मूळचे इथल्याच गावचे. आवाज असा की सी विंगमधून बोलले तरी ए विंगला माईक लागत नाही. माझ्या एका हातात रेटिनॉलची बाटली, दुसऱ्या हातात सोनारी काटा, शेजारी क्रीम ढवळणारी मशीन घुंघुं करतेय. मला जागचं हलता येईना. आई उठल्या. अंधारातून एकदम पॅसेजच्या उन्हात, वरून कांदा. डोळ्यांतून नुसत्या धारा!

"काय गो मंजुळाताई, खिडक्यांना काला कागद कशाला?" काकांनी विचारलं.

"उजेड चालत नाही हो," आई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या.

"चालत नाय म्हंजे?"

"अजिबात नाही. जरा उजेड लागला की सगळं खराब. मेघनानं बजावलंय."

"अरे बाप रे! कशाचं काय झालं पण?"

"ते हो... रेटिना... रेटिना... मेघना, काय गं ते?"

"रेटिनॉल!" मी आतून ओरडले. मशीननं माझं शेवटचं अक्षर गिळलं.

"रेटिना!" काकांचा आवाज कातर झाला. "आणि बोलला पण नाय तुम्ही कोनाला! कधीपासून चाललंय?"

"झाले थोडे दिवस. रविवारी ठाण्याच्या एक बाई येणार आहेत बघायला. मोठ्या आहेत. त्यांनी पास केलं की सुटलो."

"डाक्टरीन घरी येनार? म्हंजे केस सीरियस हाय," काका पुटपुटले आणि आईंचा हात हातात घेऊन म्हणाले, "ताई, घाबरू नको. सोसायटी तुझ्या पाठीशी हाय."

आई आत आल्या. "किती चांगला माणूस गं! तुझ्या क्रीमला सोसायटीचा पाठिंबा आहे म्हणाला."

मला बरंच वाटलं. कारण घरात धंदा करायचा नाही, हा गायकर काकांचा लाडका नियम. बी विंगमधल्या एका बाईंचं मसाल्याचं पॅकिंग त्यांनी धाड घातल्यासारखं बंद पाडलेलं. मी मनात म्हटलं, वा! शिक्षणाचा मान ठेवतात हो अजून लोक!

तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. 'सी विंगमधील मंजुळाताई यांच्या रेटिनाचे ऑपरेशन झाले आहे. उजेड सहन होत नाही. सर्वांनी भेटून धीर द्यावा. बेल हळू वाजवावी.'

बेल हळू कशी वाजवतात हे मला अजून कळलेलं नाही. पण त्या दिवशी ती वाजली. सारखी वाजली! पहिल्या आल्या वरच्या मजल्यावरच्या गंगुबाई, शहाळं घेऊन. मग कुणी सफरचंदं, कुणी गाजराचा रस, कारण गाजर डोळ्यांना चांगलं. प्रत्येक जण दार उघडणार, उन्हाचा झोत सरळ स्वयंपाकघरात, आणि माझं रेटिनॉल रुसणार. संध्याकाळपर्यंत माझी पांढरीशुभ्र क्रीम हळदी समारंभाला निघाल्यासारखी पिवळी!

मी तणतणत आईंच्या खोलीत गेले. बघते तर काय! आई पलंगावर दोन उशांना टेकून बसलेल्या, डोळ्यांवर महेंद्रचा काळा गॉगल, हातात शहाळं, तोंडात स्ट्रॉ.

"आई! हे काय? तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होते गं. पण गंगुबाई रडायलाच लागली. माझ्यासाठी! गुडघे दुखतात म्हणून मी इतकी वर्षं ओरडतेय, कुणी ढुंकून बघितलं नाही. आणि आता नाही म्हटलं तर शहाळी परत करावी लागतील." आईंनी स्ट्रॉचा शेवटचा सुर्रकन आवाज काढला. "शिवाय खरं सांगितलं तर महिपतरावांना तुझा धंदा कळेल. बघ बाई तू."

यात दुर्दैवानं तथ्य होतं. रविवारपर्यंत कसंतरी काढू, असं मी ठरवलं. आयुष्यातले सगळे चुकीचे निर्णय 'कसंतरी काढू' या दोन शब्दांनी सुरू होतात.

आता काम कुठे करायचं? बाहेरच्या खोलीत पाहुणे, स्वयंपाकघरात ऊन, खोलीत पेशंट. उरलं आमचं लग्नातलं लोखंडी कपाट! मी कपडे बाहेर काढले, खालच्या कप्प्यात काटा मांडला, टॉर्चला पिवळा कागद गुंडाळला, पाठीवर जाड चादर घेतली आणि डोक्यापासून कमरेपर्यंत कपाटात शिरले. उरलेली मी बाहेर. रेटिनॉल थेंबाथेंबानं मोजताना श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो, त्यामुळे मधूनमधून मी जोरात नाक ओढत होते.

पाहुण्यांनी हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी महेंद्रला लिफ्टमध्ये अडवून एक काकू म्हणाल्या, "मेघनाला सांभाळ रे बाबा. सासूचं इतकं मनाला लावून घेतलंय तिनं! कपाटात डोकं घालून रडते बिचारी. अशी सून मिळायला नशीब लागतं."

महेंद्र घरी येऊन इतका हसला की त्याला उचकी लागली. मी मात्र खूश होते. कपाटातली बॅच जमलेली! पांढरी, मऊ, वास नाही. तिला मी हवाबंद पंपाच्या बाटलीत भरलं आणि फ्रिजमध्ये मागे लपवलं.

शुक्रवारी सकाळी लिफ्टमध्ये गायकर काका भेटले. त्यांचं टक्कल मुळात गुळगुळीत. पण आज ते लालबुंद झालेलं, आणि त्यावरून पापुद्रे असे सुटलेले की पावसाळ्यानंतरची भिंत बरी!

"काका! हे काय?"

"काय की! आग होते नुसती." काका कुजबुजले, म्हणजे निदान तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. "पन गुन येतोय बहुतेक. तुझ्या सासूनं दिलेली टूब लावतोय मी. तिच्या तोंडावर बघ कसा तेज आलाय, ऑपरेशननंतर! मी बोललो, तोंडावर तेज येतं तर डोक्यावर केस का नाय येनार?"

माझ्या पायाखालची लिफ्ट सरकली. मी तशीच परत घरी धावले आणि फ्रिज उघडला. सुरुवातीला चाचणीसाठी मी दोन प्रकारच्या ट्यूब भरलेल्या. एका खोक्यात सौम्य पाल्मिटेटच्या. दुसऱ्यात नुसत्या रेटिनॉलच्या, इतक्या कडक की मी स्वतःच बाद केलेल्या. घोळ नको म्हणून कडक ट्यूबवर नेलपॉलिशचा ठसठशीत लाल ठिपका काढलेला. सौम्य खोकं भरलेलं होतं, त्यातली फक्त एक ट्यूब पिळून पिळून चपटी झालेली. लाल ठिपक्याचं खोकं जवळजवळ रिकामं!

"आई!!"

"ओरडू नकोस, पेशंट आहे मी," आई गॉगलमागून म्हणाल्या. मग खरं बाहेर आलं. महिनाभर आई माझी सौम्य क्रीम चोरून लावत होत्या. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायला लागल्या, मंजुळाताई, चेहरा किती उजळलाय! मग आईंना राहवेना. येईल त्याच्या हातात एकेक ट्यूब.

"पण लाल ठिपक्याच्या कशाला दिल्यात?"

"कुठला ठिपका?" आईंनी तळातली राहिलेली एक ट्यूब नाकाला टेकवून बघितली. "मला तर सगळ्या सारख्याच दिसतात."

त्या वाक्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. पण माझं डोकं भणभणत होतं. "कुणी गरोदर बाईनं नाही ना नेली? तिला ही चालत नाही!"

"गरोदर? माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या आज्या आहेत गं!"

"आणि किती लावायची ते सांगितलंत?"

"सांगितलं की! तूच म्हणतेस ना, वाटाण्याएवढी. गंगुबाईनं विचारलं, सगळ्या चेहऱ्याला मिळून एक वाटाणा? मी म्हटलं, इतकी कंजुषी कशाला? दर सुरकुतीला एक वाटाणा!"

मी डोकं धरून खाली बसले. आधी सगळ्यांना थांबवायला हवं होतं. पण 'मी घरी बनवलेली क्रीम लावू नका' असं ग्रुपवर कसं लिहिणार? महेंद्रनं शक्कल लढवली. त्यानं आईंच्या फोनवरून मेसेज टाकला, 'ठाण्याच्या डॉक्टर म्हणाल्या, ती ट्यूब ताबडतोब बंद करा, उन्हात फिरू नका, साधं खोबरेल लावा.'

"बघ, मिटलं की नाही?" तो म्हणाला.

हो, मिटलं! रविवारी दुपारी मी साडी नेसून, नमुन्याची बाटली ट्रेमध्ये ठेवून दार उघडलं, तर पॅसेजमध्ये रांग! सगळ्यांनी पदर, ओढण्या, टॉवेल तोंडाभोवती गुंडाळलेले. डॉक्टर येणार आहेत, तर आपणही चेहरा दाखवून घ्यावा, असा सोसायटीनं सरळ विचार केलेला. सगळ्यात पुढे काका, डोक्याला ओला पंचा. आणि या रांगेतून वाट काढत, फिकट लिनेनच्या ड्रेसमध्ये, अक्षदा सरनोबत येत होत्या!

"डाक्टर आल्या! वाट द्या, वाट द्या!" काका गरजले.

"मी डॉक्टर नाहीये," अक्षदा म्हणाल्या.

"कळतं हो आम्हाला," एक काकू म्हणाल्या, "रविवारी तुम्हाला पण सुट्टी पाहिजे. पण एवढं बघाच." आणि त्यांनी ओढणी बाजूला केली. नाकाचा शेंडा वाळलेल्या कांद्यासारखा सुटलेला!

अक्षदांना कसंबसं आत घेतलं. त्यांच्यामागून रांगही आत, थेट आईंच्या पलंगापर्यंत. त्याच वेळी गर्दीला कोपरानं ढकलत सगुणा सिस्टर आल्या. या आमच्या तळमजल्यावरच्या, डोळ्यांच्या दवाखान्यात जन्म काढून निवृत्त झालेल्या नर्स. आठवडाभर गावाला होत्या. येताना टॉर्च घेऊनच आलेल्या.

"कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन, मंजुळाताई?"

"डाव्या," आई म्हणाल्या.

"उजव्या," महेंद्र त्याच क्षणी म्हणाला.

सगुणा सिस्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"दोन्ही!" आईंनी हात उंचावून निकाल दिला.

मग त्यांनी गॉगल काढला, टॉर्च मारला, पापणी वर केली. एक डोळा. दुसरा डोळा. मग टॉर्च बंद केला.

"ऑपरेशन कसलं डोंबलाचं! रेटिना राहू दे, यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय! मंजुळाताई, तुम्हाला समोरचं दिसतं तरी का नीट?"

आई हळूच म्हणाल्या, "धुरकट दिसतं. मला वाटलं वयानं सगळ्यांनाच तसं दिसतं."

माझं हसू, माझा राग, सगळं एकदम विरलं. लाल ठिपका आईंना दिसलाच नव्हता. रोज समोर बसून त्या कांदा चिरत होत्या, आणि मी क्रीमच्या रंगात तसूभर फरक पडला की ओळखणारी बाई, मला हे कळलं नव्हतं!

मग मी सगळं सांगून टाकलं. ऑपरेशन झालं नाही. या डॉक्टर नाहीत. ट्यूब माझ्या आहेत, बाद केलेल्या आहेत, आणि तुमची सालपटं माझ्यामुळे निघतायत. फार होत असेल त्यांना मी स्वतः उद्या त्वचेच्या डॉक्टरांकडे नेते.

"म्हंजे घरात धंदा?" काकांचा पंचा थरथरला.

"धंदा कसला, महिपतराव?" आई पलंगावरून कडाडल्या. "पैसे घेतले का कुणाकडून? फुकटचं घेऊन टकलावर चोपडलंत, तेव्हा विचारलंत का? आणि आता नियम आठवला!"

गंगुबाईंना हसू फुटलं. मग सगळ्याच हसायला लागल्या. हसताना गालाची कातडी ओढली जाऊन आयाई गं, आयाई गं करत होत्या, पण हसत होत्या! काका थोडा वेळ लाल राहिले, तसे ते आधीपासूनच लाल होते, मग म्हणाले, "केस नाय ना येनार मग?"

"नाही काका."

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि सफरचंद कापायला बसले.

अक्षदा इतका वेळ कोपऱ्यात उभ्या होत्या. मी कपाटातली ती पांढरीशुभ्र क्रीम त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मनगटाला लावली, वास घेतला, उजेडात बघितली.

"सुंदर झालीये," त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. "पण मला नको."

जीव भांड्यातून बाहेर!

"मेघना, माझी गिऱ्हाइकं पण अशीच आहेत. बाटलीवर वाटाणा लिहिला की ती मूठभर लावणार आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करणार. ही जोखीम मी चेहऱ्यावर घेणार नाही." मग त्यांची नजर गंगुबाईंकडे गेली. "आजी, तुमच्या चेहऱ्याला कसं काही झालं नाही?"

"मी कुठे चेहऱ्याला लावलं?" गंगुबाई म्हणाल्या. "या वयात चेहरा कोण बघतंय? जन्मभर फरशी पुसून गुडघे नि कोपरं काळी ठिक्कर पडलेली, खडबडीत. तिथेच चोळलं थोडं थोडं." आणि त्यांनी बेधडक लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

काय सांगू! गुडघे असे मऊ आणि तुकतुकीत, की नव्या नवरीनं लाजावं! तिथली कातडी जाड, त्यामुळे कडक रेटिनॉल तिला बरोबर मानवलेलं. अक्षदा चक्क जमिनीवर बसल्या, लिनेनच्या ड्रेससकट. त्यांनी गुडघ्यावरून बोट फिरवलं.

"ही," त्या म्हणाल्या, "ही मला पाहिजे. सौम्य करा, पण हीच."

तर अशी ऑर्डर आली. आईंचे दोन्ही डोळे झाले, एकामागून एक, खरोखरचे. पट्टी निघाल्यावर त्यांनी महेंद्रकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "तू एवढा जाडा कधी झालास रे?" काकांनी मला सोसायटीतून रीतसर बाहेर काढलं, म्हणजे डोंबिवलीत लॅबसाठी गाळा त्यांनीच ओळखीनं मिळवून दिला.

आता कबूल करायला हरकत नाही. चेहऱ्याचं सोनं करायला निघालेली मी सध्या दिवसभर फक्त गुडघ्यांची आणि कोपरांची क्रीम बनवते. परवा एका लग्नात कुणीतरी विचारलं, तू हल्ली काय करतेस? मी रेटिनॉलवर बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आई पुढे झाल्या. नव्या डोळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघत, अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"आमची मेघना ना? अहो, तिची सगळी अक्कल गुडघ्यात आहे!"